आंबट हवेची बिअर

तर झालं असं, की ब्रुसेल्सला ऑनसाईट येऊन चार महिने होऊन गेले तरी माझं शहरदर्शन म्हणजे ऑफिस, मेट्रो, भारतीय किराणा दुकान आणि परत ऑफिस एवढंच होतं. शेवटी टीममधल्या एका फ्लेमिश सहकाऱ्याला माझी दया आली. "शनिवारी मिदी स्टेशनला ये, तुला एक जागा दाखवतो," म्हणाला. मला वाटलं नेईल कुठलातरी राजवाडा नाहीतर चॉकलेटचा कारखाना बघायला. गडी मला घेऊन गेला आंदरलेख्त भागातल्या एका साध्याशा रस्त्यावर. बाहेरून बघितलं तर एखादं जुनं गोदाम वाटावं अशी इमारत. आत पाऊल टाकलं आणि पावसाळाभर बंद राहिलेलं कोकणातलं घर उघडल्यावर येतो तसा वास आला. ओलं लाकूड, जुनी माती आणि काहीतरी आंबलेलं. तुळयांवर जळमटं. ती मुद्दाम काढत नाहीत म्हणे, कारण फळांवर येणारी चिलटं कोळी खातात!

जागेचं नाव काँतियों. तिथे एका छोट्या ग्लासात मला लालचुटुक काहीतरी मिळालं. नाव क्रीक. फ्लेमिश भाषेत क्रीक म्हणजे आंबट चेरी. रंग बघून मी चेरीच्या सरबताच्या तयारीत होतो. पहिला घोट घेतला आणि थेट वाटलं, ही नासली आहे. कैरीची फोड, आमसूल आणि भिजलेली फळी हे सगळं एकदम तोंडात. गोडाचा मागमूस नाही. माझा चेहरा बघून सहकारी हसला. "पहिल्या घोटावर मत देऊ नकोस, तिसऱ्यावर दे."

तिसऱ्या घोटाला चेरी सापडली. म्हणजे चेरीचा गर नव्हे, नुसता वास आणि तुरटपणा. जणू कोणीतरी फळातली साखर तेवढी काढून घेऊन बाकी सगळं ठेवलंय. (नंतर कळलं की अगदी तसंच झालेलं असतं.) चौथ्या घोटाला मी ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. आणि मग नेहमीचा रोग जडला. हे कसं बनतं, कधीपासून बनतं, आणि अजून का बनतं? पुढचे तीन वीकेंड त्यात गेले. हा त्याचा वृत्तांत.

आपण जिला बिअर म्हणतो ती बनवणं म्हणजे स्वच्छतेचा कारभार. स्टीलच्या टाक्या, मोजलेलं तापमान, प्रयोगशाळेतून आलेलं एकाच जातीचं यीस्ट. यीस्ट कुठलं आणि किती हे ब्रुअर ठरवतो. ब्रुसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येच्या पायोटनलँड भागात मात्र लँबिक नावाची एक बिअर बनते, तिच्यात यीस्ट घालतच नाहीत. दोन भाग जवाचं माल्ट आणि साधारण एक भाग कच्चा गहू, हे गरम पाण्यात शिजवून त्याचा काढा करायचा. त्यात हॉप्स टाकायचे ते दोन-तीन वर्षं ठेवून मुद्दाम जुने केलेले, कारण इथे कडवटपणा नकोय, फक्त नको ते जंतू आटोक्यात ठेवायचे आहेत. मग तासन् तास उकळायचा. आणि मग येते खरी गंमत. हा उकळता काढा माळ्यावर चढवून एका अवाढव्य, उथळ, तांब्याच्या परातीत ओततात. परात म्हणजे खरोखर परात, फक्त खोलीएवढी. काँतियोंच्या परातीत साडेसात हजार लिटर मावतात. झडपा उघड्या ठेवायच्या आणि घरी जायचं. रात्रभर थंड हवा वरून वाहते, काढा निवतो, आणि हवेतलं, छतावरचं, भिंतींवरचं जे काय त्यात पडायचं ते पडतं. सकाळी तो लाकडी पिंपांत भरतात. बास. रेसिपी संपली. यापुढचं काम माणसाचं नाही.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. इनपुट कुठून येतंय माहीत नाही, प्रोसेस दोन-तीन वर्षं चालणार, मध्ये लॉग बघायची सोय नाही, आणि आउटपुट प्रत्येक पिंपात वेगळं. असलं डिझाईन घेऊन मी रिव्ह्यूला गेलो असतो तर मला परतीचं तिकीट मिळालं असतं.

पिंपात काय घडतं ते लूव्हेन विद्यापीठातल्या लोकांनी १९७० च्या दशकात बरंचसं उलगडलं. पहिला महिनाभर आतड्यातल्या जंतूंच्या जातकुळीतले बॅक्टेरिया धुमाकूळ घालतात. (हो, तेच. म्हणूनच इतक्या कोवळ्या लँबिकच्या वाटेला कोणी जात नाही.) मग नेहमीचं बिअरचं यीस्ट त्यांना हुसकावून लावतं. पिंपाच्या तोंडातून फेस बाहेर येतो आणि बहुतेक अल्कोहोल याच काळात तयार होतं. तीन-चार महिन्यांनी येतात लॅक्टिक आम्ल करणारे बॅक्टेरिया, म्हणजे आपल्या दह्याचे लांबचे नातलग. ते बिअर आंबट करतात आणि कधी कधी इतकी चिकट करतात की तिची तार निघावी. तेव्हा बिअर आजारी पडली असं म्हणायची तिथे पद्धत आहे. आणि सगळ्यात शेवटी, आठेक महिन्यांनंतर, ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक सुस्त, चिवट यीस्ट कामाला लागतं. बाकीच्यांना न पचणारी साखर ते सावकाश खातं, तार मोडतं आणि तो लाकडी, गोठ्याजवळून गेल्यासारखा वास देतं. वर पांढुरकी साय धरते, तिने हवा आत जायची थांबते. असली साय लोणच्यावर दिसली असती तर आईने बरणीसकट फेकून दिली असती.

या ब्रेटॅनोमायसिसची गोष्ट मला फार आवडली. पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं १८७६ साली. त्यात त्याने दाखवून दिलं की बिअर बिघडते ती बाहेरच्या सूक्ष्मजीवांमुळे. मग १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिची शुद्ध जात वाढवली. कंपनीने ती स्वतःकडे दडवली नाही, इतरांनाही दिली. यीस्टचं ओपन सोर्सच म्हणा ना! त्यानंतर जगभरच्या ब्रुअरीजनी जंगली यीस्टला कायमचं बाहेर काढलं. बिअर दर वेळी तशीच लागू लागली, नासाडी थांबली, धंदा वाढला. यात वाईट काहीच नव्हतं. पण त्याच कार्ल्सबर्गमधल्या क्लॉसेन नावाच्या माणसाला दिसलं की इंग्लंडच्या पिंपात मुरवलेल्या जुन्या एलची जी खास चव होती, ती एका वेगळ्याच यीस्टमुळे येत होती. १९०४ साली त्याने ते जाहीर केलं आणि नाव दिलं ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. १९२१ मध्ये त्याचाच भाऊबंद लँबिकमधून वेगळा काढला गेला आणि त्याच्या नावात ब्रुसेल्स आलं. गंमत बघा, ज्या प्रयोगशाळेने जंगली यीस्टला हद्दपार केलं, तिथल्याच माणसाने त्याचा जन्मदाखला लिहिला. इंग्लंडमधून ते जवळपास नाहीसं झालं. ब्रुसेल्समध्ये उरलं.

का उरलं? इथे दोन उत्तरं मिळतात. पहिलं रोमँटिक आहे. सेन नदीच्या खोऱ्यातल्या हवेतच काहीतरी आहे, ते दुसरीकडे कुठेच नाही, वगैरे. (ही सेन वेगळी, पॅरिसची ती वेगळी.) ब्रॉयगेलच्या १५६७ च्या सुमाराच्या लग्नाच्या जेवणावळीच्या चित्रात लोक लँबिकच पिताहेत, असंही पर्यटकांना हमखास सांगतात. चित्रात माणसं एका दाराच्या फळीवरून ताटल्या वाहून नेताहेत आणि एकजण सुरईतून काहीतरी ओततोय हे खरं. पण सुरईत काय आहे ते चित्र सांगत नाही. आणि सेन नदीचं म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकात तिचं गटार झालं होतं. १८६६ ला कॉलऱ्याची साथ आली आणि पुढच्याच वर्षापासून महापौर आन्स्पाखने शहरातली नदी बांधून काढून वरून रुंद रस्ते केले. १८७१ ला काम संपलं. आज त्या रस्त्यावरून चालताना खाली कधी नदी होती हे कोणाच्या लक्षातही येत नाही. लँबिक मात्र होत राहिली.

दुसरं उत्तर कमी काव्यमय आहे, पण मला ते जास्त पटतं. २०१४ साली बेल्जियमच्या संशोधकांनी काँतियोंच्याच पिंपांमधले सूक्ष्मजीव महिनोन् महिने तपासून प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या अभ्यासांत दिसलं की नुसती हवाच नव्हे, तर पिंपांचं लाकूड हेही या जिवांचं मोठं घर आहे. पिंप धुतलं तरी लाकडाच्या रंध्रांत ते टिकतात. म्हणजे प्रत्येक पिंप विरजण सांभाळून आहे. तिकडे अमेरिकेत मेन राज्यातल्या अलागॅश ब्रुअरीने २००७ मध्ये अशीच परात बसवली आणि त्यांच्याही बिअरला हवेतून विरजण लागलं. तेव्हा हवा जादूची वगैरे काही नाही. कोणीतरी जुनी पिंपं फेकून दिली नाहीत आणि जळमटं काढली नाहीत, एवढीच जादू.

आता 'फेकून दिली नाहीत' हे लिहायला सोपं आहे. १९०० साली पॉल काँतियों आणि त्याची बायको मारी ट्रोख यांनी हा धंदा सुरू केला तेव्हा ब्रुसेल्समध्ये शंभरेक ब्रुअरीज होत्या. सुरुवातीला ते स्वतः बिअर बनवत नव्हते. इतरांकडून लँबिक आणायची, मुरवायची, एक, दोन आणि तीन वर्षांची अशी मिसळून बाटलीत भरायची. त्या फसफसणाऱ्या मिश्रणाला ग्यूझ म्हणतात. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियमच्या ब्रुअरीजमधलं तांबं काढून नेलं. तोफांना तांबं हवं होतं आणि ब्रुअरी म्हणजे तांब्याचा डोंगर. अनेक लहान ब्रुअरीज त्यातून उठल्याच नाहीत. पुढे रेफ्रिजरेशन आलं, स्वच्छ सोनेरी लागर आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सॉफ्ट ड्रिंक्सनी लोकांच्या जिभेला गोडाची सवय लावली.

आंबटावर गोड हा प्रकार तिथे पूर्वीही होता. जुन्या कॅफेत लँबिकबरोबर साखरेचा खडा आणि तो ग्लासात चेचायला छोटीशी धातूची रवी मिळे. पण साखर घालायची की नाही हे पिणारा ठरवायचा. आता ती कारखान्यातच पडू लागली. क्रीक म्हणजे फळाचा रस, साखर, गाळणं, पाश्चरायझेशन. सुपरमार्केटमध्ये आज जी क्रीक सहज मिळते ती बहुतेक अशीच असते. मी तीही घेऊन बघितली. वाईट नाही, पण खोकल्याच्या औषधाची आठवण येते. हे करणारे लोक खलनायक होते असं मला वाटत नाही. तीन वर्षं पिंपात भांडवल अडकवून, आंबट म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारी बिअर विकायची, हा धंदा कुठल्याही हिशेबात बसत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही साखरच घातली असती.

काँतियोंच्या घरात तेव्हा जावयाकडे कारभार आला होता. जाँ-पिएर व्हान रॉय. त्याने धंदा वाचवायला जे केलं ते मला आजही थोडं वेडपटच वाटतं. १९७८ साली त्याने चालू ब्रुअरीचंच संग्रहालय करून टाकलं. लोकांनी यावं, परात बघावी, पिंपं बघावीत, एक ग्लास प्यावं आणि जावं. बिअर खपत नसेल तर ती बनताना दाखवू, असा हिशेब. तो चालला. शहरातल्या त्या जुन्या ब्रुअरीजच्या पिढीतली आज ही एकटीच उरली आहे आणि ती चालवतो त्याचा मुलगा जाँ.

बरं, आता चेरीकडे येऊ, कारण ग्लासात ती होती.

ब्रुसेल्सच्या ईशान्येला स्खारबेक नावाचं उपनगर आहे. माझा एक टीममेट तिथेच भाड्याने राहतो. ट्राम, केबाबची दुकानं, चार-चार मजली घरं. एके काळी हे गाव होतं आणि चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध होतं. इथले शेतकरी गाढवांवर चेऱ्या लादून ब्रुसेल्सच्या बाजारात येत, म्हणून गावाला नावच पडलं गाढवांचं गाव. लोक हे नाव आजही कौतुकाने सांगतात. ही स्खारबेकची चेरी लहान, गडद आणि चांगलीच आंबट. नुसती खायला कोणी मागायचं नाही, पण लँबिकमध्ये घालायला तिच्यासारखी दुसरी नाही. शहर वाढलं, बागांवर घरं उभी राहिली, आणि स्खारबेकची चेरी स्खारबेकमधूनच गेली. (पुण्यातल्या ज्या सोसायट्यांच्या नावात 'आमराई' आहे तिथे जाऊन आंबा शोधा.) आता ही झाडं उरली आहेत ती बहुतेक आसपासच्या खेड्यांत, कोणाच्या परसात एक, कोणाच्या कुंपणाशी दोन. सगळ्यांना पुरतील एवढी फळं त्यांना येत नाहीत, त्यामुळे बरीच क्रीक आज पोलंड वगैरे देशांतून आलेल्या आंबट चेऱ्यांवर होते.

चेऱ्या उतरतात जुलैत. बी न काढता, अख्ख्या, लिटरला दोनशे ग्रॅम या हिशेबाने त्या पिंपातल्या दोनेक वर्षांच्या लँबिकमध्ये टाकतात. इतकी वर्षं उपाशी बसलेलं यीस्ट फळातल्या साखरेवर तुटून पडतं आणि सगळी फस्त करतं. म्हणूनच चेरीचा वास राहतो आणि गोडी राहत नाही. मग काही महिने तसंच ठेवायचं. गर विरघळत जातो, बिया तळाशी बसतात आणि बियांमधून बदामासारखी कडसर चव उतरते. शेवटी थोडी कोवळी लँबिक मिसळून बाटलीत भरतात, कारण बाटलीत फसफसायला साखर हवी, आणि आता ती फक्त कोवळ्या लँबिकमध्येच शिल्लक असते.

ही सगळी मंडळी निसर्गावर सोडून निवांत बसतात असं जर तुम्हाला वाटलं असेल तर द्री फाँतेनन या ब्रुअरीची हकिगत ऐका. ती आहे ब्रुसेल्सजवळच्या बेर्सेल गावची. नावाचा अर्थ तीन कारंजी. तिचा मालक आर्मांद देबेल्देर म्हणजे लँबिकवाल्यांमधला मोठा माणूस. खऱ्या लँबिकवाल्यांची संघटना १९९७ मध्ये त्याच्याच पुढाकाराने उभी राहिली. बाटल्या नीट फसफसाव्यात म्हणून त्याने त्या उबदार खोलीत ठेवल्या होत्या. मे २००९ मध्ये त्या खोलीचा थर्मोस्टॅट बिघडला आणि हीटर थांबेचना. खोलीत भट्टी झाली. हजारो बाटल्या फुटल्या आणि त्याच्या अनेक पट बाटल्या न फुटता वाया गेल्या. पिंपातली एक-दोन-तीन वर्षं अधिक बाटलीतले महिने, सगळं एका बिघडलेल्या स्विचपायी गेलं. परातीच्या उघड्या झडपांनी कधी असा दगा दिला नव्हता, दिला तो या सगळ्यातल्या एकमेव ऑटोमॅटिक यंत्राने! प्रॉडक्शनवर रात्री दोनला अलर्ट न वाजण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांच्या पोटात इथे गोळा येईल.

आर्मांदने वाया गेलेली बिअर ओतून दिली नाही. बाटल्या हाताने उघडून, ती ऊर्ध्वपातित करून, त्याचं मद्य केलं आणि विकलं. तरी धंदा असा खचला की काही वर्षं त्याने स्वतः काढा शिजवणं बंद केलं. इतर ब्रुअरीजकडून काढा विकत आणायचा आणि आपल्या पिंपांत मुरवायचा, असं चालवलं. नवी पिढी सोबतीला आल्यावर पुन्हा शिजवणं सुरू झालं. स्खारबेकच्या चेऱ्यांसाठी ही ब्रुअरी परसात झाडं असलेल्या लोकांकडून फळं गोळा करते. आर्मांद २०२२ साली गेला.

आता राहिली हवा. परातीतला काढा एका रात्रीत निवायला हवा, फार लवकर नाही आणि फार उशिरा नाही. त्यासाठी रात्रीचं तापमान शून्याच्या थोडं खाली ते आठ अंश एवढं लागतं. उन्हाळ्यात नको ते जंतू फार, म्हणून लँबिक फक्त हिवाळ्यात करतात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रुसेल्सच्या रात्री थंड व्हायलाच तयार नव्हत्या आणि काँतियोंला हंगाम चालू असताना काम थांबवावं लागलं. आपले आजोबा ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत बिअर करत, आपल्याला आयुष्यात कधी ते जमलं नाही, असं जाँ व्हान रॉयने तेव्हा पत्रकारांना सांगितलं होतं. एसी लावून काढा गार करता येईलच, पण मग झडपा बंद कराव्या लागतील. मी सहकाऱ्याला विचारलं, दहा वर्षांनी काय करतील रे हे? तो म्हणाला, "रात्री कमी, पिंपं कमी, किंमत जास्त." आणि खांदे उडवले. इथले लोक फार छान खांदे उडवतात.

दिवाळीला पुण्याला जाताना एक बाटली चेक-इन बॅगेत, दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळून नेली. ग्यूझ वर्षानुवर्षं ठेवता येते, पण क्रीक लवकर प्यावी, नाहीतर फळाचा वास जातो, असं काउंटरवरच्या माणसाने बजावलं होतं. बाबा बिअरवाले नाहीत, पण लेकाने एवढ्या लांबून आणलंय म्हणून स्टीलच्या पेल्यात दोन बोटं घेतली. आईने नुसता वास घेऊन पेला परत केला. बाबांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, तिसऱ्या घोटापर्यंत थांबा. ते थांबले. आमचं मूळ गाव रातांब्यांचं, लहानपणी मे महिना त्यांनी आमसुलं वाळत घालण्यात काढलेला. तिसरा घोट जिभेवर घोळवत त्यांनी बाटली उचलली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे बीसकट टाकलंय ना रे?"